डेव्हीचा दिवा आणि आमची बॅटरी

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

फॅरडे म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो. त्याचे नियम, त्याचा स्थिरांक, व्हायवामध्ये एक्स्टर्नलने हमखास विचारायचे प्रश्न... पण या फॅरडेला प्रयोगशाळेत पहिली नोकरी कोणी दिली असं विचारलं, तर अख्ख्या वर्गात शांतता पसरेल. तो माणूस म्हणजे सर हम्फ्री डेव्ही. सोडियम आणि पोटॅशियम पहिल्यांदा वेगळे करणारा. कोळशाच्या खाणीत नेता येईल असा सुरक्षित दिवा देणारा. आणि १८१८ मध्ये लिथियमचा धातू वीज वापरून बाहेर काढणाराही तोच! आज आपल्या मोबाईलपासून टॉर्चपर्यंत जे लिथियम बसलंय, ते आणि हातातल्या दिव्याची सुरक्षितता हे दोन्ही विषय एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले होते. त्याला मात्र त्यांचा एकमेकांशी काही संबंध लागेल असं स्वप्नातही वाटलं नसेल.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे शॉर्टसर्किट जागोजागी सापडतील. संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. हा लेख इंग्रजी विभागात देणं मला सोपं गेलं असतं. पण तो माझ्या काकांनी वाचावा अशी इच्छा आहे, आणि काका मराठीच वाचतात. काका बेलापूरला शेती करतात. नवी मुंबईतलं बेलापूर नव्हे, प्रवरेकाठचं, श्रीरामपूर तालुक्यातलं. (बेलापूर नावाच्या रेल्वे स्टेशनवर उतरलं की माणूस श्रीरामपुरात असतो, ही एक वेगळीच गंमत!) आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. विजेरी हा शब्द मला फक्त पाठ्यपुस्तकात भेटला. तेव्हा या लेखात बॅटरी म्हणजे कधी टॉर्च आणि कधी आतला सेल, हे वाचकांनी समजून घ्यावं.

तर डेव्ही. जन्म १७ डिसेंबर १७७८, इंग्लंडच्या अगदी टोकाला, कॉर्नवॉलमधल्या पेन्झान्स गावी. तो सगळा टिन आणि तांब्याच्या खाणींचा मुलूख. वडील लाकडावर नक्षी कोरणारे. ते १७९४ मध्ये वारले ते कर्ज मागे ठेवून. पाच भावंडांत हा थोरला, वय सोळाच्या आत. आईने टोप्यांचं दुकान चालवलं आणि पोराला गावातल्या एका वैद्याकडे उमेदवारीला लावलं. म्हणजे औषधं कुटा, बाटल्या धुवा. कॉलेज नाही, डिग्री नाही. एकोणिसाव्या वर्षी त्याने लाव्हाझिएचं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचायला घेतलं आणि माळ्यावर प्रयोग सुरू केले. आपल्याला चार वर्षं, आठ सेमिस्टर आणि झेरॉक्सवाल्याच्या कृपेनंतरही जे जमत नाही ते या मुलाने एका पुस्तकावर केलं, हे वाचून मला जरा राग आला होता.

१७९८ मध्ये तो ब्रिस्टलला एका संस्थेत लागला. वेगवेगळे वायू हुंगायला देऊन रोग बरे होतात का, हे तिथे तपासायचे. डेव्हीची तपासायची पद्धत सोपी होती. आधी स्वतः हुंगायचं! नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, त्याने इतका घेतला की त्यावर १८०० मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं. या वायूने वेदना कमी होतात, शस्त्रक्रियेत तो वापरता येईल, असं त्यात नोंदवलंय. ते कोणी मनावर घेतलं नाही. दात काढताना तो वायू वापरायला १८४४ उजाडलं. दुसऱ्या एका वायूत कार्बन मोनॉक्साइड होता. तो छातीभर ओढून हा गडी जवळजवळ गेलाच होता. सेफ्टीवर पुढे एवढं मोठं काम करणारा माणूस स्वतःच्या बाबतीत इतका बेफिकीर असावा, हे अजून मला नीट पचलेलं नाही.

१८०१ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आला आणि स्टार झाला. दिसायला देखणा, बोलायला फर्डा. त्याच्या लेक्चरला घोडागाड्यांची इतकी गर्दी व्हायची की तो रस्ता एकेरी करावा लागला असं सांगतात. (आपल्याकडे लेक्चरला गर्दी फक्त अटेंडन्स पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली गेल्यावर होते.) व्होल्टाने आपला पाइल १८०० मध्ये जगापुढे आणला होता, आणि डेव्हीला त्यातून एक गोष्ट कळली. बॅटरीत रसायनातून वीज मिळते, तर मग विजेने रसायन फोडताही आलं पाहिजे. ऑक्टोबर १८०७ मध्ये त्याने किंचित ओलसर पोटॅशमधून प्रवाह सोडला. कोरडं पोटॅश वीज वाहू देत नाही आणि पाण्यात विरघळवलं तर पाणीच फुटतं, म्हणून फक्त ओलसर. पाऱ्यासारखे चमकदार थेंब बाहेर आले आणि भुर्रकन पेटले. पोटॅशियम! डेव्ही खोलीभर नाचला म्हणतात. थोड्याच दिवसांत सोडियमही काढलं. पुढच्या वर्षी कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, मॅग्नेशियम. आवर्त सारणीची डावी बाजू जवळजवळ एकट्याने भरली. १८१२ मध्ये सर झाला, श्रीमंत विधवेशी लग्न झालं, आणि त्याच वर्षाअखेरीस नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा भयंकर स्फोटक पदार्थ हाताळताना डोळ्याला इजा करून घेतली. लिहायला मदतनीस हवा म्हणून बुकबाइंडिंग करणाऱ्या एका पोराला बोलावलं. तो फॅरडे. मार्च १८१३ मध्ये त्याला कायमची नोकरी लागली.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

२५ मे १८१२. इंग्लंडच्या उत्तरेला फेलिंग नावाच्या कोळशाच्या खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं मेली. माणसं म्हणजे त्यात आठ-दहा वर्षांची पोरंही होती. हवा खेळती ठेवण्यासाठी भुयारांना दारं असायची, ती उघडायला-लावायला लहान मुलं अंधारात बसवत. आग विझवण्यासाठी खाणीचं तोंड बंद करावं लागलं, त्यामुळे प्रेतं बाहेर काढायलाच कित्येक आठवडे गेले. कारण एकच होतं. कोळशाच्या थरातून मिथेन वायू झिरपतो, हवेत तो सुमारे ५ ते १५ टक्के झाला की ठिणगी पुरते, आणि खाणकामगाराच्या हातात तर उघडी मेणबत्ती! काय करणार, उजेडाशिवाय कोळसा कसा फोडणार? काही ठिकाणी पोलादी चकती गारगोटीवर फिरवून ठिणग्यांच्या उजेडात काम करत. तेही धोक्याचंच. कुठे कुठे वाळलेल्या माशांच्या कातडीची मंद चमकसुद्धा वापरून पाहिली गेली. विचार करा, बोंबलाच्या उजेडात फर्स्ट शिफ्ट!

त्या भागातल्या धर्मगुरूंनी आणि खाणीशी संबंधित लोकांनी डेव्हीला गाठलं. ऑगस्ट १८१५ मध्ये तो स्वतः न्यूकॅसलजवळच्या खाणींकडे गेला, माणसांशी बोलला, खाणीतल्या वायूचे नमुने बाटल्यांत भरून लंडनला मागवले. ऑक्टोबरात काम धरलं आणि ९ नोव्हेंबरला रॉयल सोसायटीपुढे पेपर वाचला. आपला फायनल इयर प्रोजेक्ट वर्षभर चालतो आणि शेवटच्या आठवड्यात होतो, हे इथे आठवणं अपरिहार्य आहे.

त्याला काय सापडलं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. अरुंद धातूच्या नळीतून मिथेनचा भडका पुढे जात नाही. नळीचा धातू ज्वाळेची उष्णता ओढून घेतो आणि पलीकडचा वायू पेटण्याइतका तापतच नाही. मग नळ्या आखूड करत करत तो तारेच्या जाळीवर आला. जाळीचं प्रत्येक छिद्र म्हणजे एक आखूड नळीच की! चौरस इंचाला ७८४ छिद्रं, म्हणजे एका इंचात २८ तारा. तेलाच्या दिव्याभोवती या जाळीचं नळकांडं. हवा आत जाते, उजेड बाहेर येतो, वायू आत जाऊन पेटलासुद्धा तरी ज्वाळा बाहेर पडत नाही. शिवाय मिथेन असेल तर ज्योतीभोवती निळसर टोपी दिसते, ऑक्सिजन कमी असेल तर दिवा विझतो. म्हणजे दिवा आणि गॅस डिटेक्टर एकाच वस्तूत. जानेवारी १८१६ मध्ये हेबर्नच्या खाणीत हा दिवा उतरवला गेला आणि चालला. डेव्हीने पेटंट घेतलं नाही. घेतलं असतं तर खोऱ्याने पैसा ओढला असता.

इथे एक गोष्ट न सांगणं बरं नाही. त्याच सुमारास किलिंगवर्थच्या खाणीतला इंजिनवाला जॉर्ज स्टीफन्सन, तोच पुढे रेल्वेवाला, त्यानेही सुरक्षा दिवा बनवला होता आणि २१ ऑक्टोबर १८१५ ला स्वतः वायूत नेऊन तपासलाही होता. दोघांनी स्वतंत्रपणे केलं हे आज मान्य आहे. पण डेव्हीला ते पटलं नाही. अठराव्या वर्षापर्यंत धड लिहिता-वाचता न येणारा माणूस हे करूच कसा शकतो, चोरीच असणार, असा त्याचा सूर. स्वतः डिग्रीशिवाय वर आलेल्या माणसाने असं म्हणावं! मला डेव्ही आवडतो, पण इथे नाही.

बरं, दिवा आला, पुढे काय? स्फोट थांबले? १८३५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने हिशेब मांडला. दिवा येण्याआधीच्या १८ वर्षांत डरहॅम आणि नॉर्थंबरलंड या दोन परगण्यांत खाणींत ४४७ माणसं मेली होती. दिवा आल्यानंतरच्या १८ वर्षांत ५३८. मी हा आकडा दोनदा वाचला. वाढले! कोळसा जास्त निघू लागला होता, माणसं जास्त उतरत होती, हे खरं. पण मुख्य कारण असं की ज्या थरांत वायूच्या भीतीने कोणी पाऊल टाकत नव्हतं, ते थर मालकांनी आता दिव्याच्या भरवशावर उघडले. हवा खेळती ठेवण्याचा खर्च मागे पडला. आणि दिवा सुरक्षित होता तो जाळी धड असेपर्यंतच. गंजली, फाटली, एक तार सरकली की संपलं. भुयारात हवेचा जोरदार झोत असेल तर ज्वाळा जाळीबाहेर फेकली जायची. जाळीमुळे उजेड मंद, मजुरी कोळशाच्या मापावर, म्हणून कामगार जाळी काढून काम करायचे. शेवटी दिव्यांना कुलपं लावावी लागली.

आता बेलापूर. ऊस, कांदा, सोयाबीन. शेतीची लाईट पाळीपाळीने रात्रीची आली की रात्री दोनला उठून मोटर सुरू करायची आणि दारं धरायला जायचं. उसात बिबट्या असतो, हे आमच्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायला नको. पूर्वी मोठ्या सेलवाली पिवळट बॅटरी असायची, तिचा उजेड बांधाच्या पलीकडे जात नसे. हल्लीच्या लिथियमवाल्या बॅटऱ्यांचा झोत थेट विहिरीपलीकडे जातो. त्यामुळे लोक जास्त आत जातात, रात्री एकटे जातात. काकाही जातात. गेल्या उन्हाळ्यात बाजारातून घेतलेली त्यांची बॅटरी उसात हातातच तापायला लागली. चटका बसला म्हणून त्यांनी ती फेकली, फुस्स आवाज झाला, धूर निघाला, आणि मग काळोख. बॅटरी गेली त्याचं कोणाला दुःख नव्हतं. पण उसाच्या मधोमध मध्यरात्री बिनउजेडाचं दोन एकर अंतर चालत येताना काय वाटलं ते त्यांनी घरी कोणाला नीट सांगितलं नाही. सेलवरचं जळकं वेष्टण मी नंतर पाहिलं. त्यावर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलं होतं!

हा सेल १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. या मापात चांगल्यातला चांगला सेलही साधारण साडेतीन हजारांच्या आसपास भरतो. ९९०० ही थापच. जो कारखाना आकड्यात थाप मारतो, तो आतल्या कामात मारणार नाही कशावरून? पुष्कळदा असे सेल जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढून, नवीन कागद गुंडाळून विकलेले असतात. बरं, धड ३००० चा सेल घेतला तरी ३.६ व्होल्टला तो सुमारे ११ वॉट-तास झाला, म्हणजे ३९ हजार ज्यूल. ५० किलोच्या माणसाला ८० मीटर उंच उचलायला पुरेल एवढी ऊर्जा अंगठ्याएवढ्या डबीत! ती हळूहळू एलईडीतून आली तर उजेड. एकदम आली तर आग.

ती एकदम येऊ नये म्हणून आत काय असतं? धन आणि ऋण पट्ट्यांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा, सुमारे २० मायक्रॉनचा. त्याला अतिसूक्ष्म छिद्रं. लिथियमचे आयन त्यातून जातात, पण दोन्ही पट्ट्या एकमेकींना टेकत नाहीत. मला तर हा पडदा पाहून डेव्हीची जाळीच आठवली. हवं ते जाऊ देते, नको ते अडवते, आणि धड असेपर्यंतच. सेल दाबला गेला, आपटला, जास्त चार्ज होऊन आत लिथियमचे काटे उगवले, की पडदा फुटतो. पॉलिथिनचा पडदा १३० अंशांच्या आसपास वितळतोही. मग आत शॉर्ट, उष्णता, त्या उष्णतेने आणखी रासायनिक क्रिया, आणखी उष्णता... आणि आतला द्रव ज्वलनशील. टॉर्चमध्ये यात भर म्हणजे अॅल्युमिनियमची घट्ट नळी. पाणी जाऊ नये म्हणून रबरी रिंग लावलेली, म्हणजे आतला वायूही बाहेर जाऊ शकत नाही. उत्तम टॉर्च जितकी वॉटरप्रूफ, तितकी ती बंद तोंडाची नळी. काकांची बॅटरी स्वस्तातली, ढिली होती, म्हणून फुस्स करून सुटली असावी.

चांगल्या सेलच्या बुडाशी छोटं सर्किट असतं. ४.२ व्होल्टच्या फार वर चार्ज गेला, अडीचच्या आसपास खाली उतरला, किंवा शॉर्ट झाला, की ते तोडतं. असं सर्किट नसलेला सेल आणि आपोआप न थांबणारा चार्जर ही जोडी म्हणजे जाळी काढलेला डेव्हीचा दिवा. दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना एक नवा घालणं त्याहून वाईट. जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्यातून प्रवाह ढकलत राहतो. हॉस्टेलवर टॉर्च उशाशी गादीवर चार्जिंगला लावून झोपणारे कोण कोण आहेत ते मला माहीत आहे, नावं छापत नाही. निदान फरशीवर तरी ठेवा. आणि एक गैरसमज: लिथियम म्हणजे पाण्याशी पेटणार, म्हणून पेटलेल्या सेलवर पाणी टाकायचं नाही, असं पुष्कळ जण म्हणतात. या चार्जिंगच्या सेलमध्ये लिथियम धातूच्या रूपात जवळपास नसतं. भरपूर पाण्याने तो थंडच होतो, आणि थंड करणं हेच महत्त्वाचं. धूर मात्र विषारी असतो, त्यापासून लांब.

तर हे लिथियम. १८१७ मध्ये स्वीडनच्या आर्फ्वेडसनला ते एका खनिजात सापडलं, पण धातू त्याच्या हाती लागला नाही. १८१८ मध्ये डेव्हीने आपली जुनीच युक्ती वापरून, लिथियमच्या ऑक्साइडमधून वीज सोडून, त्याचे बारीक कण मिळवले. त्याच वर्षी त्याला दिव्याबद्दल बॅरोनेट केलं गेलं. लिथियम ही त्याच्या आयुष्यातली किरकोळ नोंद होती. त्याचं पुढे काही करावं असं त्यालाही वाटलं नाही.

पुढची वर्षं फारशी सुखाची नव्हती. १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. फॅरडेला तिथे सभासद करायला त्यानेच विरोध केला, तरी फॅरडे १८२४ मध्ये निवडून आला. शिष्य मोठा होताना बघणं सगळ्यांना जमत नाही बहुधा. त्याच वर्षी डेव्हीने नौदलासाठी एक सुंदर काम केलं. जहाजांच्या तळाला लावलेला तांब्याचा पत्रा समुद्राच्या पाण्यात झिजायचा. त्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले की ते झिजतात आणि तांबं वाचतं. आपण आज पाइपलाइनला जे कॅथोडिक प्रोटेक्शन करतो, त्याची सुरुवात हीच. प्रयोग शंभर टक्के यशस्वी, तांबं अजिबात झिजेना. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच शिंपले आणि शेवाळ तळाला चिकटत नव्हते! आता ते थराथराने चिकटले आणि जहाजं जड होऊन रेंगाळू लागली. योजना गुंडाळावी लागली, आणि वर्तमानपत्रांनी टर उडवली ती वेगळी.

१८२६ अखेरीस त्याला पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये अध्यक्षपद सोडलं. युरोपभर हवापालट करत फिरला, मासे पकडले, मासेमारीवर पुस्तकही लिहिलं. २९ मे १८२९ ला जिनिव्हात वारला, वय ५०. तिथल्याच प्लेनपाले दफनभूमीत त्याला पुरलं. लिथियम हाताळण्याइतक्या प्रमाणात बाहेर काढलं ते बुन्सेन आणि मॅथिसेन यांनी, १८५५ मध्ये.